चाळीस दिवस बिनचहाचे

मी चौथी शिकलेला पाळक आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला ते शोधून काढल्याचा आनंद नको. माझ्या आधी आमच्या चर्चच्या मंडळीला पदव्या घेतलेले पाळक होऊन गेले. त्यातले दोघं पहिला उन्हाळा लागायच्या आत बदली मागून गेले. मी टिकलो. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण गोदावरीकाठच्या आमच्या आडगावाला नवा माणूस यायला तयार नाही. म्हणून रविवारी झगा चढवून मीच उभा राहतो, आणि कुणी पदवी विचारली तर गुडघे दाखवतो. प्रार्थनेला टेकून टेकून ते पार काळे पडलेत.

गेल्या वर्षी लेंटच्या आधीच्या रविवारी मी जोरात उपदेश केला. लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे आमचे उपवासाचे चाळीस दिवस. त्यात माणसानं काहीतरी आवडीचं सोडायचं असतं. मी म्हणालो, तुम्ही शुक्रवारी मटण सोडता आणि शनिवारी दुप्पट खाता, याला उपवास म्हणत नाहीत. जे सोडताना जीव कळवळेल ते सोडा. बोलता बोलता मला माझाच उपदेश आवडायला लागला. तो आवडायला लागला की माझं तोंड थांबत नाही, हा माझा जुना दोष आहे.

आमच्या चर्चमध्ये लोक मधेच उठून बोलतात. पुरुषांच्या बाजूनं निवृत्त हेडमास्तर उठले. हा माणूस गेली वीस वर्षं माझ्या प्रत्येक उपदेशात एक तरी चूक काढतो. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, पाळकसाहेब, मग तुम्ही काय सोडताय?

मी काहीच ठरवलेलं नव्हतं. तंबाखू केव्हाच सुटली होती. मटण दातांनी सोडवलं होतं. बायकांच्या बाजूला पहिल्या चटईवर माझी बायको बसली होती, आणि ती हसत होती. तिचं ते हसू बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चहा. ईस्टरच्या सकाळपर्यंत चहाचा एक घोट घेणार नाही."

चर्चमध्ये कुजबुज झाली. मी दिवसाला आठ-नऊ कप चहा पितो हे मंडळीतल्या तान्ह्या पोरालाही माहीत आहे. हेडमास्तर खाली बसले. मला वाटलं, जिंकलो.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "सकाळी तुमाला उठवायला आता देवदूत येणार हाय का?"

पहिला आठवडा मी कसा काढला ते मला आणि माझ्या डोक्याला माहीत. डोकं ठणकायचं. बायको माझ्यासमोर बसून बशीत ओतून फुर्र करून प्यायची, आणि वर म्हणायची की लेंटमध्ये रविवार मोजत नाहीत, रविवारी घ्या. हे तिचं खरं होतं. जुने पाळकही तसं सांगायचे. पण मी चर्चमध्ये 'एक घोट' म्हणालो होतो, रविवार वगळून असं म्हणालो नव्हतो. मी नाही घेतला.

त्यातून लेंटमध्ये आमच्याकडं रोज संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना असते. प्रार्थनेत शेवटचं आमेन झालं की आतून कपबशांचा आवाज येतो. तो आवाज इतका ठरलेला आहे की काही लोक आमेन त्याच्यासाठीच लवकर म्हणतात. त्या वर्षी प्रत्येक घरात माझ्यासाठी काहीतरी वेगळं निघालं. कुठं लिंबूपाणी, कुठं मसाला दूध, कुठं पाकिटातलं बदामाचं सरबत. तीन आठवड्यांत माझा झगा पोटावर घट्ट झाला. उपवासानं वजन वाढलेला मी या भागातला पहिलाच पाळक असेन. पण चहा घेतला नाही. 'मी चहा घेत नाही' हे वाक्य जिभेवर असं बसलं की ट्रे दिसला रे दिसला, मी म्हणून मोकळा.

तिथंच घात झाला.

आमच्या दीड एकराच्या बांधाला लागून तात्यांची जमीन आहे. सगळं गाव त्यांना तात्याच म्हणतं. माझा बाप त्यांच्या बापाकडं सालगडी होता. बापासाठी तिथं एक कानतुटका कप गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेला असायचा. बापानं तो आपला आपण काढायचा, धुवायचा, पुढं धरायचा, आणि घरातल्या बाईनं वरून चहा ओतायचा. तात्यांची बायको नवी नवरी होऊन आली तेव्हा हे काम तिच्याकडं आलं. मी ऐन विशीत होतो. तिनं हातभर उंचीवरून ओतलेला चहा मी पाहिलाय. एक थेंब बाहेर जायचा नाही. सासूनं शिकवलं तसं ती करत होती, तिला काय बोलणार. पण मी त्या दिवसापासून त्या घरात पाय ठेवला नाही.

पुढं काळ बदलला. तात्या आणि मी स्टँडवरच्या हॉटेलात एका बाकावर बसून हजार वेळा चहा प्यालो असू. तात्या मला फादर म्हणतात. फादर लग्न करत नाहीत, मला बायको आणि चार लेकरं आहेत, हे मी त्यांना समजावून थकलो. ऊस, पाऊस, गुडघे, सगळ्यावर बोलणं व्हायचं. पण त्यांनी कधी घरी बोलावलं नाही म्हणून मी गेलो नाही, आणि मी कधी गेलो नाही म्हणून त्यांनी बोलावलं नाही. त्यात पन्नासावर वर्षं गेली. गोठा गेला, तिथं स्लॅबचा बंगला आला, तरी आम्ही बांधावरच.

लेंटच्या चौथ्या आठवड्यात तात्यांचा फोन आला. त्यांची बायको न्हाणीत पडून खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. घरी आणली होती, पण झोप नव्हती, भीती बसली होती. तात्या म्हणाले, "फादर, घरी या आन् हिच्यासाठी चार शब्द बोला. आमच्या समद्या देवास्नी सांगून झालं, तुमचाच ऱ्हायलाय."

मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. बंगल्याच्या पायरीवर चप्पल काढताना पाय थोडे अडखळले, खोटं का सांगू. आत सोफ्यावर बसवलं. म्हातारी वॉकर धरून आली. मी उभं राहून प्रार्थना केली, आणि चांगली केली. हेडमास्तरांनाही चूक सापडली नसती. म्हातारीनं डोळे पुसले आणि सुनेला म्हणाली, काचेच्या कपाटातले कप काढ. सोनेरी काठाचे कप होते, आहेरात आलेले आणि कधी न वापरलेले. सुनेनं चहा केला, पण कप तिनं सुनेला आणू दिला नाही. एका हातात वॉकर आणि एका हातात कपबशी, अशी ती पाऊल पाऊल करत माझ्यापर्यंत आली आणि कप पुढं केला.

मी म्हणालो, मी चहा घेत नाही.

बोलून गेल्यावर मला कळलं. म्हातारीचा हात तसाच राहिला. मग ती वळली आणि कप घेऊन पाऊल पाऊल करत आत गेली. तात्या खाली फरशीकडं बघत होते.

"फादर, उभा जन्म तुमाला स्टँडवर चहा पिताना बघितलंय मी."

"व्रत हाय माझं, तात्या. चाळीस दिवसांचं."

"आमच्याच घरात आलं व्हय तुमचं व्रत?" ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "बराबर हाय. कशाला घ्याल तुमी आमचा चहा."

मी लेंट समजावायला लागलो, तर ती सबबच वाटायला लागली. मलाच वाटायला लागली, मग त्यांना काय वाटली असेल. मी उठून आलो.

घरी बायकोला सांगितलं. मला वाटलं ती नेहमीसारखी टोमणा मारेल. तिनं नाही मारला. ती म्हणाली, "तुमचा उपास तुमाला म्हाईत. तिला काय म्हाईत? तिनं येवढंच बघितलं, का आपला कप परत आला."

मी चार दिवस हट्टाला पेटलो. चर्चमध्ये, देवासमोर, मंडळीसमोर दिलेला शब्द आहे. तो एका घरासाठी मोडला तर उद्या लोक कशासाठीही मोडतील. शिवाय हेडमास्तर. खरं तर देवापेक्षा मला हेडमास्तरांचीच जास्त धास्ती होती. देव समजून घेतो, हेडमास्तर वहीत लिहून ठेवतात. सकाळी गुडघे टेकून मी सगळी बाजू नीट मांडायचो आणि उत्तराची वाट बघायचो. उत्तर येत नव्हतं. देवही बायकोच्या बाजूचा झालाय अशी मला शंका आली.

चौथ्या दिवशी मात्र गुडघे टेकल्यावर एक गोष्ट आठवली, जी मी बायकोला सांगितली नव्हती. म्हातारी कप घेऊन माघारी फिरली, तेव्हा माझ्या आत कुठंतरी बरं वाटलं होतं. अगदी थोडं. बापाच्या वतीनं कुणीतरी ताठ बसल्यासारखं. मग याला उपवास म्हणायचं की आणखी काही, हे सांगायला चौथी पुरते. मी प्रार्थना अर्धी टाकून उठलो.

अकरा वाजले होते. तात्या फाटकाशी उन्हात खुर्ची टाकून बसले होते. उठले नाहीत. म्हणाले, प्रार्थना झाली की त्या दिवशी.

"प्रार्थनेला न्हाई आलो. चहाला आलोय."

आतून म्हातारीचा आवाज आला, "आन् व्रताचं काय?"

"मोडलं, वहिनी."

"कवा?"

"आत्ता मोडतोय. लवकर ठेवा, माझं मन फिरायच्या आत."

मग ती म्हणाली, सून मळ्यात गेलीय, मला जास्त उभं राहवत नाही, तुमीच आत या आणि भांडं खाली काढून द्या. आत म्हणजे स्वयंपाकघरात. मी तात्यांकडं बघितलं. ते आपला पंचा झटकण्यात गुंतले होते.

मी आत गेलो. तिनं सांगितलं ते भांडं काढलं, पाणी ठेवलं, साखर, पत्ती टाकली. दूध टाकल्यावर ती म्हणाली, मी जरा टेकते, तुमी लक्ष ठेवा. आता माझी अडचण अशी की इतक्या वर्षांच्या संसारात मी चहा फक्त प्यालेला आहे. ओट्यावर मांडलेल्या त्यांच्या देवांकडं मी बघत होतो, त्यांच्या शेजारी उभं राहून काय बोलावं हे ठरवत होतो, तेवढ्यात चहा फसफसून वर आला आणि सगळ्या शेगडीवर पसरला.

"अवो भावजी, ग्यास बारीक करा की," म्हातारी खुर्चीतून ओरडली. "बायकूनं काय शिकवलं न्हाई व्हय तुमाला? फडकं घ्या. ते न्हाई, ते भांड्याचं हाय. त्ये खालचं." मी ओटा पुसला. ती बोलतच होती. शेगडीच्या खाली गेलंय, तिकडनं पण पुसा, मुंग्या येतील. आयुष्यात मला इतकं कुणी झापलं नव्हतं, हेडमास्तरांनीही नाही. बाहेर तात्या हसत असल्याचं ऐकू येत होतं.

उरलेला चहा तीन ठिकाणी वाटून अर्धा अर्धा कप आला. सव्वीस दिवसांनी पहिला घोट घेतला. लई वाईट झाला होता. मी दुसरा मागितला.

रविवारी मी उपदेशाच्या आधी उभं राहून सांगून टाकलं की माझं व्रत मोडलं, कुठं मोडलं आणि का मोडलं. कोनाड्यातल्या कपाचंही सांगितलं, आणि मला बरं वाटलं होतं तेही. चर्चमध्ये कुणी हललं नाही. तिथं बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या बापाचा असा एकेक कप कुठल्या ना कुठल्या कोनाड्यात होता. हेडमास्तर उठले. मी तयारीतच होतो. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला, आणि विचारलं, "मग आता उरलेल्या दिवसांत काय सोडणार, पाळकसाहेब?"

मला हट्ट म्हणायचं होतं. पण चर्चमध्ये मला खोटं बोलवत नाही. म्हणून म्हणालो, उरलेले दिवसही चहाच सोडतो, फक्त ते एक घर वगळून. हेडमास्तर आमेन म्हणाले. त्यांच्या तोंडून माझ्या बोलण्यावर आलेलं ते पहिलं आमेन. बायकांच्या बाजूला पहिल्या चटईवर कुणीतरी पदरात तोंड घालून हसत होतं.

सोमवारी अकरा वाजता मी चप्पल घातली, तर बायको आतून ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आली. केसांना तेल लावलेलं, हातात घरच्या शेवग्याच्या शेंगांची जुडी. मी विचारलं, कुठं निघालीस.

"तात्यांकडं."

"तुला कुठं बोलावलंय?"

"तुमाला तरी दुसऱ्या बारीला कुठं बोलावलं हुतं?" ती म्हणाली, आणि माझ्या पुढं चालायला लागली.