सांगवीतली अमेरिका

मी गाव सोडलं त्या दिवशी वेशीवर माझा फ्लेक्स लागला होता. फोटोत मला एक निळा कोट चढवला होता, जो माझ्याकडे कधीच नव्हता, आणि खाली लिहिलं होतं, 'अमेरिकेतील नामांकित कंपनीत उच्च पदावर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' निवड झाली होती ती माझ्या बायकोची. स्वाती आयटीतली, ती सहा महिने आधीच पुढे गेली होती. मी चाकणच्या एका जर्मन कंपनीतला डिप्लोमावाला मेंटेनन्सचा माणूस, नोकरी सोडून तिच्या व्हिसाला लोंबकळत चाललो होतो. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, हे पक्कं ठाऊक होतं. फ्लेक्स त्यानेच लावला होता. "बायकूची निवड झाली आसं लिवलं असतं तर गाव हासलं असतं," तो म्हणाला.

आयने हातावर दही घातलं आणि अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जा. बायकूचा पदर सोडू नगंस. तिकडं हरवलास तर धुंडाय कोन यील?" शेजारच्या बायका फिदीफिदी हसल्या. मीही हसलो. निघताना रडायचं असतं हे मला मुंबईच्या विमानतळावर, चेक-इनच्या रांगेत आठवलं, तेव्हा रडण्यासारखं जवळ कोणी नव्हतं.

जे माझ्यासारखे गेले आणि जे मागे राहिले, त्या दोघांसाठी हे लिहितोय. मागे राहिलेल्यांना वाटतं, गेलेला सुखात आहे. गेलेल्याला वाटतं, मागच्यांना त्याची आठवण येते. दोन्हीही समज मोडायला फार वेळ लागत नाही, फक्त एकदा परत यावं लागतं.

चाकणमध्ये ज्याच्या हाताला काम नाही त्याला रिकामटेकडा म्हणतात. अमेरिकेत त्याला डिपेंडंट म्हणतात आणि तसं कागदावर छापून देतात. विस्कॉन्सिनच्या एका लहान गावात मी काही वर्षं भाकरी थापल्या, कपडे धुतले, बर्फ उपसला. शेवटी ग्रीन कार्ड आलं आणि गावातल्या बियरच्या कारखान्यात मला काम मिळालं, कारण तिथे जे जर्मन पंप होते तेच मी चाकणला वर्षानुवर्षं उघडून परत जोडले होते. आयला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुझा बा दारूपायी गेला, आन तू तीच बनवाय सातासमुद्रापार गेलास. हितं काय भट्ट्या कमी व्हत्या?" गावात मात्र तिने औषधाची कंपनी सांगितली.

कारखान्याचा मालक वॉल्टर. त्याचे पणजोबा जर्मनीतून आलेले. म्युनिक शहरात शरद ऋतूत बियरचा मोठा उत्सव भरतो, त्या उत्सवाची म्हणून एक खास लागर बियर पणजोबांनी तिथून आणली, ती वॉल्टरने जशीच्या तशी जपली होती. मार्चमध्ये ती बनवायची, उन्हाळाभर गार टाक्यांत मुरू द्यायची आणि हवा बदलली की पिंपं उघडायची. रंग कोऱ्या चहाचा. वास तव्यावर जरा जास्त राहिलेल्या भाकरीचा, आणि घोट संपताना किंचित गोड. पहिल्यांदा ती प्यायलो तेव्हा मला कारण नसताना घरची चूल आठवली. त्या टाक्यांवर मी दर खंडेनवमीला हळदकुंकू वाहायचो आणि वॉल्टर टोपी काढून शेजारी उभा राहायचा. वॉल्टरला जर्मन भाषेतली ग्लासला ग्लास भिडवताना म्हणायची एक ओळ यायची, तेवढीच. उत्सवाला तो कातड्याची अर्धी चड्डी घालायचा, तिच्यावरून त्याचं पोट ओसंडायचं, आणि छातीवर हात ठेवून सांगायचा की आम्ही मूळचे तिकडचे.

एका सप्टेंबरात बाटल्या भरायचं मशीन दुरुस्त करायला खराखुरा जर्मन माणूस आला. वॉल्टरने स्वतःच्या हाताने त्याला ग्लास भरून दिला. माणूस सज्जन होता, तेच वाईट झालं. तो म्हणाला, "छान आहे. माझे आजोबा अशी प्यायचे. आमच्या उत्सवात आता ही मिळत नाही. आता फिकी पिवळी असते, हलकी, म्हणजे लोकांना जास्त पिता येते." वॉल्टर मोठ्याने हसला आणि पुढच्या वर्षी बाटल्या पायमोज्यांत गुंडाळून पणजोबांच्या गावी गेला. तिथल्या लांबच्या चुलतभावाने एक घोट घेतला, 'अमेरिकन बियर गोडच असते' असं म्हणाला आणि ग्लास खिडकीत ठेवून दिला. चार पिढ्यांनी ज्या घरासाठी म्हणून ती सांभाळली, त्या घराने तिला एका घोटात परकी ठरवलं. वॉल्टरच्या बायकोने हे सांगितलं तेव्हा आम्ही कँटीनमध्ये पोट धरधरून हसलो. विस्कॉन्सिनमध्ये करमणूक तशी कमीच.

मग वॉल्टर थकला आणि कारखाना विकला गेला. नव्या मालकांनी ती तांबूस लागर बंद केली, फिकी सुरू केली आणि तळघरातल्या गार टाक्यांवरची माणसं कमी केली. त्या माणसांत मी होतो. स्वाती आणि मी त्याच्या आधीच वेगळे झालो होतो, भांडण न करता, वकिलाच्या ऑफिसात कॉफी पीत. बायकोमागे गेलेल्या माणसाची बायकोच पुढे निघून गेली की त्याने कुठे जायचं, हे कोणी सांगत नाही. मी दादाला फोन लावला. "ये की, घर तुझंच हाय," तो म्हणाला. तो हे चार दिवसांच्या पाहुण्याला म्हणतात तसं म्हणाला होता.

मी पोचलो तेव्हा रात्र झाली होती, गाव झोपलं होतं. घर आता तीन मजल्यांचं होतं. शेतावर कंपनी उभी राहिल्यापासून आमच्याकडे खोल्या पिकतात. माझ्या खोलीत लातूरकडची पोरं होती. दोघं फर्स्ट शिफ्टला, दोघं नाइटला. एकाची गादी गार व्हायच्या आत तिच्यावर दुसरा आडवा. मला हॉलमध्ये टीव्हीखाली अंथरूण मिळालं. जेवताना मी म्हणालो, "वयनी, वाढा की थोडं, लई दिसांनी गावलंय." दादाची धाकटी पिंकी हसली, आणि मुलगा ओंकार तर ठसका लागेपर्यंत हसला. "काका, असं आता फक्त आजी बोलते. तुम्ही रील बनवा, फुल व्हायरल." बारा वर्षं मी ती बोली तिकडे जिवापाड जपली होती, फोनवर आयशी बोलताना मुद्दाम घोळवली होती. मला वॉल्टर आठवला. हसायची पाळी आता ओंकारची होती, आणि त्याने काही कसर ठेवली नाही.

त्याच ताटावर मी सांगून टाकलं, की आलोय तो कायमचा.

दादाने घास खाली ठेवला. "कायमचा म्हंजे?"

ओंकारसाठी भोसरीची मुलगी सांगून आली होती. चांगलं तालेवार घर. मध्यस्थाने तिच्या वडिलांना सगळ्यात आधी जे सांगितलं ते म्हणजे मुलाचा चुलता अमेरिकेत आहे. मुलगा काय करतो हे त्याने नंतर सांगितलं होतं, आणि सांगण्यासारखं फारसं नव्हतंही.

आयने ताट बाजूला सारलं. "तुजी बायकू गेली, नोकरी गेली, आन वर तू आलास," ती म्हणाली. "ही तिन्ही गावाला एकदम कळाय नकोत. पोराचं लगीन हू दे. तवर तू अमेरिकेतच हाईस."

"मी हितं बसलोय, आय."

"बसलायस न्हवं? मंग ऊठ की."

मला वाटलं ती चेष्टा करते आहे. दादाने उजाडायच्या आत माझ्या बॅगा गाडीत ठेवल्या तेव्हा कळलं की नाही. त्याने मला सांगवीत एका ओळखीच्या फ्लॅटवर सोडलं, कारण सांगवीत आमच्या भावकीतलं कोणी राहत नाही. "रागावू नगंस भावा," तो म्हणाला. "तू तिकडं हाईस म्हनून हितं आमाला मान हाय." तो खरंच वाईट वाटून म्हणाला. मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली.

वाकडच्या एका ब्रूपबमध्ये, म्हणजे बियर तिथेच बनवून तिथेच विकणाऱ्या हॉटेलात, काम मिळालं. मालकाला जर्मन उत्सवाची बियर हवी होती, पण अमेरिकन पद्धतीची, कारण आयटीवाल्यांना गोड चालतं. अशी वॉल्टरची लागर, जी विस्कॉन्सिनमध्ये मेली, ती मी वाकडला बनवू लागलो. वर भिंतीवर शोभेला व्हार्निश मारलेला नांगर टांगलाय. आमचा दादाने भंगारात घातला तसाच दिसतो, पण नांगर सगळे सारखेच दिसतात.

रविवारी दुपारी भोसरीचे पाहुणे आमच्या घरी बसले की मला व्हिडिओ कॉल यायचा. आपल्याकडे दुपारी चार, म्हणजे तिकडे पहाट. मी खिडक्यांना चादरी लावायचो, दिवा लावायचो आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात स्वेटर घालून बसायचो. मुलीचे वडील भारावून जायचे. "आमच्यासाठी एवढ्या पहाटे उठलात?" आय शेजारून विचारायची, "बरफ पडतोय का रं?" मी म्हणायचो, पडतोय. घाम पाठीवरून खाली ओघळत असायचा. एकदा खालून भंगारवाल्याचा स्पीकर गेला, तेव्हा मी घाईने आवाज बंद करून नुसते ओठ हलवले. पाहुण्यांना वाटलं, अमेरिकेचं नेटवर्क खराब आहे. आयने लगेच त्यांना सांगितलं, "वादळ आसंल."

मुलीचे वडील एका शनिवारी ब्रूपबमध्येच आले. आमच्या टाक्या काचेमागे आहेत, गिऱ्हाइकाला बघता याव्यात म्हणून. मी टोपी खाली ओढली, मास्क चढवला आणि पाठ केली. त्यांनी माझीच तांबूस लागर मागवली. वेटरने नंतर हसत सांगितलं, साहेब दोस्तांना म्हणत होते, "ठीक आहे, पण अमेरिकेची सर नाही. आमचे होणारे पाहुणे आहेत तिकडं." ग्लास त्यांनी अर्धा टाकला होता. मी तो स्वतः धुतला.

लग्न थाटात झालं. मी सांगवीहून कॅब करून अमेरिकेहून आलो, बॅगेवर जुनं एअरलाइनचं लेबल ठेवून. माइकवरून माझं नाव दोनदा पुकारलं, मला फेटा बांधला, मुलीच्या वडिलांनी गळामिठी मारली. ओंकार पहिल्यांदाच माझ्या पाया पडला. मी रडलो, आणि लोकांना ते फार आवडलं. पंगती उठल्यावर आयने मला मांडवामागे गाठलं. मला वाटलं, आता म्हणेल, ऱ्हा आजची रात. ती म्हणाली, "तुजी गाडी कवा यील?"

तुमच्यातले जे तिकडे आहेत ते मला विचारतात, परत गेलास, सुटलास, घर कसं वाटतं? घर सांगवीपासून गाडीने तासाभराच्या वाटेवर आहे. फक्त तिथे जायचं तर मला अमेरिकेतून यावं लागतं.

पाहुणे पांगले, नवी सून रुळली, खोल्यांची भाडी वाढली. महिनाभर वाट पाहून मी आयला फोन केला. साधा फोन, चित्राचा नाही. घरी कोण आहे विचारलं, तर म्हणाली कोणी नाही, सगळी जत्रेला गेलीत.

"आय, लगीन झालं. येऊ का आता?"

 

"दादाच्या पिंकीला स्थळं याय लागल्यात," ती म्हणाली. आणि मग, घरात दुसरं कोणी ऐकायला नसताना, म्हणाली, "तिकडं थंडी लई आसंल. जप सोताला."