बाळाचा तुटका अंगठा

नाताळ हा शांतीचा सण, असं आमचे फादर दर वर्षी प्रवचनात सांगायचे. फादरांना सख्खा भाऊ नसावा.

मी लग्न होऊन गोराईहून मरोळला आले ती एकोणिसाव्या वर्षी, पन्नास सालाच्या आसपास. अंधेरी स्टेशनापासून पूर्वेला चालत सुटलं की आधी चिंचा लागायच्या, मग आमचं गावठाण. पुढे साकीनाक्याच्या अंगाला भातखाचरं. तिथे भात पिकायचं असं आज नातवंडांना सांगितलं तर ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघतात. बघू देत. मी त्या चिखलात गुडघाभर उतरून लावणी केली आहे.

घर एकच, लांबट, कौलारू. पुढे सलग ओटा. घरात सासूबाई, थोरले दीर, जाऊ, आमचे हे आणि मी. सासरे केव्हाच वारले होते. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण बोटांना सगळं दिसायचं. मीठ जास्त पडलंय हे त्या नुसत्या चिमटीवरून सांगायच्या. सून म्हणून याचा जाच किती, ते मीच जाणे.

आमच्या घराचा गोठा सगळ्या गावठाणात नावाजलेला. गोठा म्हणजे नाताळात मांडतो तो, येशूच्या जन्माचा देखावा. त्यातली चित्रं, म्हणजे मूर्ती, सासूबाई माहेराहून लुगड्यात गुंडाळून पेटीत घालून घेऊन आल्या होत्या. सायबीण मारिया, योसेफ, तीन राजे, दोन मेंढपाळ, गाय, गाढव आणि वीतभर लांबीचं बाळ. डिसेंबर लागला की जाऊ आपल्याच शेतातली माती करवंट्यांत भरून भात पेरायची. नाताळापर्यंत वीतभर हिरवंगार व्हायचं. ते गोठ्याभोवती मांडायचं, म्हणजे बाळाचा जन्म थेट आमच्या खाचरातच झाल्यासारखा दिसायचा.

बाळ मात्र आधी मांडायचं नाही. नाताळच्या सकाळी सगळे देवळातून मिस्सा ऐकून आले, की घरातल्या सगळ्यांत नव्या सुनेनं ते सासूबाईंच्या हातात द्यायचं. त्या त्याच्या उजव्या पायाचा मुका घ्यायच्या, मग थोरला मुलगा, मग धाकटा, आणि मग बाळ गव्हाणीत. तोपर्यंत सासूबाई तोंडात पाण्याचा थेंब घालत नसत. देवळापर्यंत चालणं होत नव्हतं, म्हणून त्यांचा सगळा नाताळ त्या एका मुक्यात होता.

उजवाच पाय का, तर त्याचा अंगठा तुटलेला होता. दीर सात वर्षांचे आणि आमचे हे चार वर्षांचे असताना बाळ कुणी ठेवायचं यावरून दोघांनी ओढाओढ केली, त्यात तो गेला. सासूबाई सांगायच्या, “देवाला लागलं म्हणून दोघं रात्रभर रडली गो. एकाच गोधडीत.” पहिल्या नाताळला हे ऐकून मी खूप हसले. दिरांनी मला फुग्यांचं, म्हणजे आमच्या तळलेल्या गोल पावांचं, ताट पुढे केलं, ह्यांनी दारूबंदीच्या नाकावर टिच्चून कुठूनशी बाटली पैदा केली, आणि दोघे भाऊ ओट्यावर खांद्याला खांदा लावून बेसूर गात बसले. घर असावं तर असं, असं मला वाटलं होतं. मूर्ख होते मी.

पुढच्या वर्षी एक कारखानदार शेत बघून गेला. दिरांना विकायचं होतं, ह्यांना नव्हतं. एवढंच. पण एवढंच कुठे थांबतं? लहानपणापासूनचं सगळं वर आलं. कुणाला शाळेत पाठवलं, कुणाला नांगराला जुंपलं, बापाच्या आजारपणात कोण जागलं. जाऊ आणि मी चुलीपाशी एकमेकींकडे बघत राहायचो. नंतर तेही बघणं थांबलं.

शेवटी वाटणी ठरली. सासूबाईंनी दोघांना समोर उभं केलं आणि म्हणाल्या, “शेत वाटा. घर वाटा. माझ्या हातातल्या बांगड्या पण वाटा. गोठा वाटायचा नाय. क्रुसावर हात ठेवून बोला.”

दोघांनी हात ठेवला, दोघांनी शपथ घेतली. आणि महिनाभरात दोघांनीही मोडली. कशी, तर ओट्याच्या मधोमध विटांची भिंत घालायची वेळ आली तेव्हा गोठ्याची पेटी नेमकी भिंतीच्या जागी होती. गोठा कुणाच्या बाजूला? कुणीच सोडेना. सासूबाई झोपल्या असताना दोघांनी पेटी उघडली आणि एक तुला, एक मला करत चित्रं वाटून घेतली. सायबीण, गाय, एक मेंढपाळ आणि दोन राजे आमच्याकडे. योसेफ, गाढव, राहिलेला राजा, दुसरा मेंढपाळ आणि बाळ त्यांच्याकडे. पोर त्या घरात, आई ह्या घरात. हे त्या दोघांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. मी दारात उभी होते. मी बोलले नाही. धाकट्या सुनेनं काय बोलायचं?

सासूबाई आमच्या वाटणीला आल्या. भिंतीचा आवाज कसला म्हणून त्यांनी विचारलं, तर पेटीचा विषय निघू नये म्हणून हे म्हणाले, “शेळ्या ओट्यावर चढतात, म्हणून आडोसा.” सासूबाई म्हणाल्या, “दादानं पण हात लावला का रे?” हे म्हणाले, “हो ना.” तेवढं मात्र खोटं नव्हतं. भिंत दोघांनी मिळूनच घातली होती.

डिसेंबर लागला. मी करवंट्यांत भात पेरलं. दिरांनी शेतातला आपला अर्धा भाग विकून टाकला होता, तिथे शेड उभी राहिली होती आणि तिचं तेलकट पाणी आमच्या खाचरात उतरत होतं. करवंट्यांतलं भात पिवळं उगवलं. घरावर एक चांदणी लागायची तिथे दोन लागल्या, आमची त्यांच्यापेक्षा मोठी, मग दुसऱ्या दिवशी त्यांची आमच्यापेक्षा मोठी. तिघे राजे आले असते तर कुठल्या दारात थांबायचं तेच त्यांना कळलं नसतं.

पण खरी काळजी सकाळच्या मुक्याची. बाळ हातात आलं नाही तर सासूबाईंना कळणार, की पोरं क्रुसावर हात ठेवून खोटं बोलली. मी ह्यांना म्हटलं, “भिंतीपलीकडून एका सकाळपुरतं मागून आणा. फक्त एक तास.”

“मी? त्याच्या दारात? मेलो तरी नाही.”

“मग मी जाते.”

“तू गेलीस तर परत ह्या घरात येऊ नकोस.”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही जळला नव्हता, धडधाकट होता.

दोन दिवसांनी हे वांद्र्याहून कागदात गुंडाळून नवं बाळ घेऊन आले. मापाला बरोबर जुन्यासारखं. मग मागच्या अंगणात बसले, पटाशी घेतली आणि बाळाच्या पायाचा अंगठा तासायला लागले. किती जपून! जिभेचं टोक बाहेर, कपाळावर घाम. तुटलेली कड कानशीनं घासली, तिला चुलीतली राख चोळली, म्हणजे जुनी वाटावी. दोन पावलं चालून भावाच्या दाराची कडी वाजवायची तर जीव जात होता, पण देवाचा अंगठा उडवायला हे कचरले नाहीत. मला त्या वेळी त्यांचा खरोखर तिटकारा आला. आजही तो पूर्ण गेलेला नाही, आणि ह्यांना जाऊन वीस वर्षं झाली.

नाताळच्या सकाळी मिस्साहून आलो. फादर नेहमीप्रमाणे शांतीवर बोलले होते. दोघे भाऊ देवळात एका रांगेत, मध्ये चार माणसं सोडून बसले होते, आणि दोघांनीही जीभ पुढे करून प्रसाद घेतला होता.

सासूबाई नवं लुगडं नेसून खुर्चीत बसल्या होत्या. ओठ सुकलेले. ह्यांनी बाळ माझ्या हातात दिलं. घरातली सगळ्यांत नवी सून अजून मीच होते. आणि तेव्हा उजेडात ते मला दिसलं. ह्यांनी डाव्या पायाचा अंगठा तोडला होता. बाळ समोर निजलेलं असताना तुटका पाय आपल्या डाव्या हाताला येतो. तेवढंच ह्यांच्या डोळ्यांत राहिलं होतं, आणि तसाच डावा पाय फोडून ठेवला होता.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांना काही कळलं नव्हतं. सासूबाईंनी हात पसरले होते.

मग मी जे केलं ते सांगते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी बाळ किंचित वळवलं, उजवा पाय माझ्या मुठीत झाकला, आणि तो तुटका डावा पाय त्यांच्या हाताच्या अंगठ्याखाली येईल अशा बेतानं बाळ पुढे केलं.

त्यांचा अंगठा त्या तुटक्या कडेवरून फिरला. थांबला. मग त्यांनी दुसऱ्या हातानं माझी मूठ हळूच सोडवली, आणि माझ्या बोटांखालचा पाय चाचपला. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचही बोटं शाबूत.

भिंतीपलीकडे दीर मोठ्यानं हसत होते, कुणीतरी पाहुणे आले असावेत.

“आपलंच हाय,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी वाकून डाव्या पायाचा, त्या तासलेल्या पायाचा, मुका घेतला. मग ह्यांच्या दिशेनं तोंड करून म्हणाल्या, “आता थोरल्याला बोलव. त्याची पाळी.”

हे म्हणाले, “दादा अजून मिस्साहून आला नाही, आई.”

पलीकडे दीर पुन्हा हसले.

“बरं,” सासूबाई म्हणाल्या. “येल तवा येल.” आणि पाणी मागितलं. मी त्यांच्यासाठी केलेल्या करंजीचा एक तुकडा त्यांनी तोंडात घातला आणि उरलेली मुठीत धरून ठेवली. दुपारी मी त्यांना निजवलं तेव्हाही ती मुठीतच होती. हे स्वयंपाकघरात आले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “छान निभावलंस.” लग्नानंतर ह्यांनी माझं केलेलं ते पहिलं कौतुक.

ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू व्हायच्या आधीच सासूबाई गेल्या. त्या दोन महिन्यांत त्यांनी गोठ्याचं नाव एकदाही काढलं नाही. आम्हाला एक शब्द रागाचा बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

शवपेटी ओट्यावर ठेवली होती, भिंतीच्या अलीकडे. दीर त्या दिवशी पहिल्यांदा वळसा घालून आमच्या बाजूला आले. कोटाच्या खिशातून त्यांनी जुनं बाळ काढलं आणि सासूबाईंच्या उजव्या हातात ठेवलं. ह्यांनी ते बघितलं. ताडकन उठून आत गेले, आपलं बाळ आणलं, आणि डाव्या हातात ठेवलं. झाकण बसलं. पुढून दोघांनी खांदा दिला, पाऊल बरोबर पडावं म्हणून एकमेकांच्या पायांकडे बघत चालले, आणि दफन करून आल्यावर दोघे दोन दारांनी आत गेले.

दोन वर्षांनी ह्यांनीही आपलं शेत विकलं. त्याच कारखानदाराला. दोघांच्या भांडणात त्याला एकाचं दुसऱ्यापेक्षा स्वस्त मिळालं, असं गावठाणात लोक हसून सांगत असत. भिंत दोघे मेले तरी उभी होती.

मी अजून गोठा मांडते. सायबीण तीच, करवंट्यांतली माती कुंडीतली, बाळ दुकानातलं. नाताळच्या सकाळी नातसून ते माझ्या हातात देते आणि सगळी पोरं फोटोसाठी दाटी करतात. मी मुका घेते, हसते. ती सगळी म्हणतात, आजीचा देवावर केवढा विश्वास. देवाचं मला माहीत नाही. मला तो डावा पाय दिसतो. त्या दोघांनी भांडण केलं, शपथ मोडली, ते त्यांचं ते बघतील. पण त्या सकाळी मी मूठ उघडी ठेवली असती, तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं, आणि त्या म्हातारीला मुलाचं खोटं झाकायला उपाशी पोटी खोट्या पायाचा मुका घ्यावा लागला नसता. तो पाय तिच्या तोंडापुढे मी धरला होता.