गिरणीवरची रेघ

माझी बायको कौसा एकदा बसली की कुणाच्या बापाच्याने हलायची नाही. मांजर्लीच्या जुन्या भात गिरणीवर लाल रंगात गिरणीचं नाव आहे आणि त्याखाली आडवी रेघ, ‘२६ जुलै, पाणी इथवर’. बिल्डरने तिथे बुकिंगचं ऑफिस थाटलं. नाव त्याला पाहिजे होतं, म्हणे जुना लूक. रेघ नको, गिऱ्हाईक बिचकतं. रंगारी आला तशी कौसा भिंतीला पाठ लावून बसली. "माझ्या सासूला याच पान्यानं नेलान. पुसून तर बघ." बिल्डर नमला.

तेव्हा रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. मग त्या बेट्याने गिरणीपुढे भराव टाकला, ट्रकवर ट्रक. रेघ जागच्या जागी, जमीन वर आली. आता ती गुडघ्याला लागते. ब्रश न लावता पुसली की हो त्याने.

आणि आमच्या सुयोगने खोली घेतली ती गिरणीच्या मागच्या चाळीत, तळमजल्यावर. तिथे भराव नाही. सून किर्ती पोटुशी. कौसाने नको नको म्हणून जीव काढला. सुयोग म्हणाला, "आई, भिंतीवरच लिहिलंय ना, पाणी गुडघ्याएवढं. उंबरा उंच करू." तिनेच राखलेली रेघ तिच्यावर उलटली. माझं तर डोकंच फिरलं.

वास्तूच्या दिवशी पाहुणे जमले. किर्तीने शेगडीवर दूध ठेवलं, उतू जायला. कौसा माझ्या कानाशी म्हणाली, "तुमचा लेव्हलचा पाइप काढा." मी जन्मभर गवंडी. नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते एकाच उंचीवर थांबतं. एक टोक घेऊन ती गिरणीच्या रेघेशी जाऊन उभी राहिली. दुसरं मी खिडकीतून आत ओढलं.

"बाबा, तमाशा नको," सुयोग म्हणाला.

मी टोक कमरेशी धरलं. पाणी फरशीवर सांडलं. छातीशी धरलं, तरी सांडलं. हात डोक्यावर नेला, तरी सांडतच होतं. मी स्टुलावर चढलो, आणि दाराच्या चौकटीच्या वर पाणी थांबलं. तिथे मी गेरूचं बोट टेकवलं.

किर्ती भिंतीशी आली. एक हात पोटावर ठेवून दुसरा तिने वर केला. बोटं खुणेला पोचली नाहीत.

बाहेरून कौसा विचारत होती, "थांबलं का पानी?" दूध काठाला आलं होतं. किर्तीने शेगडी बंद केली.