ॲटलासची चुंबळ

हर्क्युलसने ॲटलासला फसवलं. दोघंही माझ्या घरात आहेत, काचेच्या पेटीत, टाचणीला टोचलेले. तळहाताएवढे शिंगवाले भुंगे. आपल्या उकिरड्यात निघणारा गेंडा भुंगा यांच्यापुढे पोर वाटतो.

माजलगावात माझं भंगाराचं दुकान आहे, कुणाच्या मदतीशिवाय उभं केलेलं. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेचं जुनं सामान घासाघीस करून उचललं, त्यात ही पेटी आली. तिथल्या सरांनी नावांची गोष्ट सांगितली. ग्रीक पुराणातला ॲटलास खांद्यावर आभाळ धरून उभा असे. हर्क्युलसला हवी असलेली सोन्याची सफरचंदं आणायला तो गेला, तेवढा वेळ आभाळ हर्क्युलसने धरलं. परतल्यावर ॲटलास ते घेईना. हर्क्युलस म्हणाला, बरं, मीच धरतो, फक्त भार टोचू नये म्हणून डोक्यावर चुंबळ करून घेतो, तेवढं धर. ॲटलासने धरलं. हर्क्युलस निघून गेला.

घरी येऊन मी ती गोष्ट वडिलांना, आबांना सांगितली. आबांनी जन्मभर धान्याच्या मोंढ्यात पोती वाहिली. आता माणसं ओळखत नाहीत, बोलणंही जवळपास थांबलंय. ते पेटीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चुंबळीला इतका येळ लागतो व्हय रं?"

थोरला भाऊ आबांना माझ्या ओट्यावर सोडून गेला तेव्हा म्हणाला होता, "जरा सांभाळ. पुण्यात खोली बघतो अन् नेतो." तिथे आता त्याचं स्वतःचं घर आहे.

आबा ते बोलले तेव्हापासून दिवे लागले की पेटीतून खरखर येते. वाळक्या पायांनी कुणी काच ओरबाडावी तशी. बायको म्हणते, "लई झालं, टाका ती पेटी भंगारात." मी उघडून पाहिली. दोन्ही भुंगे कोरडे ठक्क. फक्त ॲटलास टाचणीवरून खाली सरकलाय, पोट तळाला टेकलंय. हर्क्युलस जागच्या जागी.

खरखर सुरू झाली की आबा खाटेवर वाकतात. दोन्ही हात मानेमागे, पाठीवर पोतं असल्यासारखे. अंगाला घाम. काल मी हात सोडवायला गेलो, बोटं उकलेनात.

"सोडा आबा, काय न्हाई पाठीवर."

"सोडू कसं? थोरला चुंबळ आणाया गेलाय."

मी फोन लावून भावाला शिव्या घातल्या. तो म्हणाला, "तू तापट हायेस, तुझ्याशी काय बोलावं?"

दादा, माझ्याशी बोलूच नकोस. दिवे लागायच्या वेळी ये, आबांच्या खाटेसमोर उभा राहा आणि चुंबळ कुठाय ते त्यांना सांग.