एकटीच्या नावावर

ही गोष्ट मी मनात अनेकदा लिहायला घेतली आणि प्रत्येक वेळी पहिल्याच वाक्याशी थांबले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित आज पुढे जाता येईल. ओळखीच्या माणसांसमोर मला अजूनही फारसे बोलता येत नाही.

मी भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीची. बरीच वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवले. तास बंद झाले तेव्हा पंचेचाळिशी उलटली होती. मग संगणकावरचे डिझाइन शिकले — माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या मुलींशेजारी बसून, मान खाली घालून. हात बसला. भातगिरण्यांच्या पोत्यांवरची चित्रे, लग्नपत्रिका, दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, होणाऱ्या नाटकांची पत्रके — हे मला जमू लागले.

पण काम आपण होऊन दारात येत नाही. ते आणावे लागते, आणि ते आणत होती वनिता, माझी धाकटी जाऊ. गिरणीवर जाऊन बसणे, नाटकमंडळींशी हुज्जत घालणे, छापखान्यातून माल सोडवून आणणे — सारे तीच करी. इतकेच असते तर त्याला नुसती मदत म्हणता आले असते. पण संगणकाच्या पडद्याकडे पाहून ती सहज म्हणे, "ताई, नायिकेचं तोंड मोठं करा, अन् खलनायकाचं त्याहून मोठं. लोकं त्यालेच पाहाले येतेत." आणि पत्रक उभे राही. त्यात माझे किती आणि तिचे किती, हे मला तेव्हाही ठाऊक होते. ठाऊक होते — हे मुद्दाम लिहिते आहे.

काम वाढले, तसे गिरणीवाले फर्मच्या नावाचे बिल मागू लागले. भंडाऱ्याच्या एका कर सल्लागाराकडे दोघींनी जायचे ठरले. नेमक्या त्याच सकाळी करडी गावातल्या आमच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवणीच्या बाया आल्या. घरचे कोणीतरी बांधावर हवे असते. आम्ही दोघी पाळीपाळीने जायचो. त्या दिवशी पाळी माझी होती.

"तुमी जा भंडाऱ्याले," वनिता म्हणाली. "त्या साहेबाचं इंग्रजी मले नाही समजत. चिखल समजते." आणि पदर खोचून ती निघूनही गेली.

सल्लागारांनी शांतपणे सारे मार्ग समजावले. एकाच मालकाची फर्म; दोघींची साधी भागीदारी; मर्यादित जबाबदारीची भागीदारी, जिला ते एलएलपी म्हणत; कंपनीचा विचार एवढ्यात नको. मग त्यांनी विचारले, "काम कोण कोण करता?"

किती सोपा प्रश्न होता! मी म्हणाले, "मीच करते. घरच्यांची थोडी मदत होते."

फर्म माझ्या एकटीच्या नावावर झाली. संध्याकाळी वनिता पाय धूत होती, तेव्हा मी दुसरे खोटे बोलले — एवढ्याशा कामाला एकच नाव चालते, साहेबांनीच तसे सांगितले. तिने मान वरही केली नाही. "बरं झालं. तुमचंच नाव शोभते," एवढेच म्हणाली.

का केले मी असे? कारण सांगते, ते सबब म्हणून वाचू नका. आयुष्यभर माझे नाव तात्पुरत्यांच्या यादीत राहिले होते. वनिताचे नाव माझ्या शेजारी आले, तर लोक तिलाच विचारतील, तिलाच ओळखतील, आणि मी पुन्हा कोपऱ्यात जाईन — अशी भीती वाटली. जिच्या बोलण्यावर माझा धंदा चालत होता, तिच्या बोलण्याचाच मी मत्सर केला.

त्यानंतर कोणी विचारले की ती हसून सांगे, "मालकीण ह्या. मी नुसती बोलतो." मी पडद्याकडे पाहत राही. एका वाक्याने ते थांबवता आले असते. मी ते वाक्य बोलले नाही — वर्षानुवर्षे.

यंदा ती महिला उद्योजकांच्या एका शिबिराला जाऊन आली. जेवताना गंमत म्हणून सांगत होती: स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांनी हात वर करा, असे शिबिर घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "अन् माहा हात अर्ध्यातच रायला, ताई." सगळे हसले. मग तिने सांगितले की तुमसरचा एक छापखाना तिला काउंटर सांभाळायला बोलावतो आहे. "तिथं मी कोण, हे तं ठरलं राहीन."

ती जाणार होती. आणि ती का जाते आहे, हे तिच्यापेक्षा मला अधिक माहीत होते.

दुसऱ्या दिवशी, ती तांदूळ निवडत असताना, मी तिला सगळे सांगितले. शब्द सरळ आले नाहीत, पण आले. तिने सूप खाली ठेवले आणि मागच्या अंगणात निघून गेली. पुढे बरेच दिवस आमच्यात कामापुरतेच बोलणे होते. मग एका सकाळी तिने विचारले, "भंडाऱ्याले कधी जाचं? या खेपेस मी येतो."

सल्लागारांसमोर मीच म्हणाले, "मागे मी तुम्हाला खोटे सांगितले होते." अडखळतच, पण ऐकू जाईल असे म्हणाले. त्यांनी तिच्यासाठी सारे पुन्हा समजावले: साध्या भागीदारीत एकीने फर्मच्या नावाने केलेले दुसरीलाही भोवते, एलएलपीत एकीच्या गैरवागणुकीची जबाबदारी दुसरीवर येत नाही, पण तिथे दरवर्षी जास्तीची कागदपत्रे भरावी लागतात.

"म्हंजे यायच्या लबाडीचं मले काही भोगा नाही लागन?" वनिताने माझ्याकडे बोट दाखवत विचारले. सल्लागार हसले. मी हसू शकले नाही.

"एलएलपीच घे, वनिता," मी म्हणाले. मनापासून म्हणाले.

ती सल्लागारांकडे वळली. "नाही, साहेब. साधीच करा. दरसाल एवढी कागदं कोण भरत बसन?" मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "अन् एकीचं दुसरीले भोगा लागन, तं दोघीबी नीट वागू."

छापखान्याला तिने नकार कळवला. करारावर आम्ही दोघींनी सह्या केल्या. आधी तिने, मग मी. क्षमेचा विषय तिने काढलेला नाही, मीही काढलेला नाही. मी तिचा हक्क लपवला होता. आता फर्मच्या नावाने माझ्या हातून जे काही होईल, त्यात तिचाही वाटा आहे — माझी पारख झाल्यानंतर, सारे समजून, तो तिने स्वतः घेतला आहे.