कपाटाची चुंबकं

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून ज्याच्या घरातलं एकही कपाट बंद राहत नाही असा गृहस्थ एकच, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या पदरी पडला. भावजींची सगळी नोकरी भातसानगरला धरणावर झाली. मुंबईला गोड पाणी पाठवण्यात जन्म गेला आणि घरच्या बोअरला लागलं खारं! त्या पाण्याने शेताचा खालचा तुकडा पांढरा पडला, जमिनीवर मीठ फुटलं. तो तुकडा म्हणजे ताईची वालाची जागा. तिथल्या वालाच्या बिरड्यासाठी मी मुरबाडहून दोन गाड्या बदलून जात असे.

कुठूनसं भावजींच्या कानावर आलं, की चुंबकातून गेलेलं खारं पाणी पिकाला बाधत नाही. झालं! वाशिंदच्या भंगारवाल्याकडची जुन्या स्पीकरची चुंबकं संपली, तेव्हा त्यांनी मोर्चा घराकडे वळवला. कपाटांच्या दारांची गेली, फ्रीजवरचा पोपट गेला, आणि माझ्या पर्सचं चुंबकाचं बटण तर मी चहा पिईपर्यंत बोअरच्या पाइपवर जाऊन बसलं. "मीठ पाण्यातच राहतं गो," ते मला समजावत, "फक्त त्याची खोड मोडते." बियाणंही रात्रभर चुंबकावर निजवायचं, तेसुद्धा उत्तरेला डोकं न करता. वालाचं डोकं कुठलं, असं मी विचारलं तर म्हणाले, "त्याला डोळा हाय ना? मग डोकं असणारच." ताई बिचारी एकेक दाणा दक्षिणेला डोकं करून मांडत होती आणि हसून हसून डोळे पुसत होती.

कपाटं मात्र फडाफडा उघडत. ताईच्या कपाळाला टेंगूळ आलं की ती करवादायची, आणि भावजींचं उत्तर ठरलेलं, "वाल येऊ दे गो, मग बोल." यंदा वाल आला नाही तर तुकडा प्लॉटवाल्याला द्यायचा, हे त्यांनीच मुलाला कबूल केलं होतं. तरी लबाडी त्यांच्या अंगात नाही. निम्म्या तुकड्याला चुंबकाचं पाणी, निम्म्याला तसंच खारं.

थंडीत मी गेले, तर दोन्हीकडचा वाल सारखाच पिवळा, वीतभर वाढून खुंटलेला. भावजींनी पाइपवरची चुंबकं सोडली, धोतराने पुसली आणि एकेक करून कपाटांना बसवली. माझं बटण माझ्या हातात दिलं. मला फार वाईट वाटलं. ताईने भांड्यांचं कपाट लावून पाहिलं. ते टक्कन बंद झालं. मग तिने पेचकस घेतला आणि चुंबक पुन्हा उचकटून काढलं.

"प्लॉटवाल्याला सांगा, नाय द्यायची. माझ्या वालाची जागा हाय ती. आन् ही लावा जावा परत पाइपाला."

"अगो, पण तुझ्या कपाळाला लागंल..."

"लागू दे."

मीही गुपचूप बटण भावजींच्या हातावर ठेवलं. तेव्हापासून माझी पर्स बंद होत नाही. एसटीत चिल्लर सांडते, लोक हसतात. वाकून वेचता वेचता मी मनात म्हणते, येऊ दे बाबा यंदा तरी वाल, चुंबकाने येवो नाहीतर कशानेही.