पोटातला जंतू, दाराबाहेरचा भाऊ

रक्ताच्या कॅन्सरवर उपाय म्हणून धाकट्या भावाच्या स्टेम सेल माझ्या अंगात सोडल्या आणि महिन्याभराने मी करंजाड्याच्या फ्लॅटवर परतलो. जंतूंपासून जपा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. बायकोने ते इतकं मनावर घेतलं, की देवाचंही एवढं सोवळं आमच्या घरात कधी पाळलं गेलं नव्हतं. चपला जिन्यात, पाणी उकळून, पाहुणे बंद. भाऊ उरणला मासेमारी करतो. त्याच्या पेशी माझ्या हाडांत मुक्कामाला, आणि तो मात्र मास्क लावून उंबऱ्याबाहेर स्टुलावर. त्याने आणलेली सुकी मासळीही दारातूनच परत जायची.

एका दुपारी बायको आंघोळीला गेली होती, तेव्हा मीच त्याला आत बोलावलं. पाच मिनिटं तो माझा हात धरून बसला. उंबऱ्याबाहेर पडताना तो बायकोला दिसला. दुसऱ्या दिवशी मला हुडहुडी भरून ताप चढला.

हॉस्पिटलच्या वाटेवर गाडीतूनच बायकोने त्याला फोन लावला. "भावोजी, जीव वाचवलात आणि आता तुम्हीच घ्यायला निघालात." मी त्याला बोलावलं होतं, हे मी सांगायला हवं होतं. दात कडाकडा वाजत होते, हे खरं. पण ते वाजत नसते तरी मी बोललो असतो, असं छातीठोकपणे नाही सांगत.

रक्तात जंतू सापडला. चार दिवस माझं काही खरं नव्हतं. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा बाहेरचा नाहीच, तुमच्याच आतड्यातला जुना रहिवासी आहे. अँटिबायोटिकांनी त्याचे भले शेजारी मारले होते, केमोने आतड्याचं अस्तर सोललं होतं. मोकळं रान मिळाल्यावर तो फोफावला आणि रक्तात उतरला. बायको दिवसातून तीनदा लादी पुसत होती, तेव्हा मी त्याला आत पोसत होतो. त्या दिवशी मी तिला सगळं खरं सांगितलं. तिने माझ्या भावाला फोन करून, तुमचा दोष नव्हता, असं सांगितलं.

मी घरी आल्यावर तो भेटायला आला आणि सवयीने बाहेरच थांबला.

"आत या, भावोजी."

त्याने आधी दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले. फिनेलने धुऊन धुऊन त्यांची सालं निघाली होती.

"तवापासून जाल्याला हात लावला नाय, वहिनी," तो म्हणाला. "तुमी एकदा बघा."

तिला रडू फुटलं. मला लाज वाटली. जंतू औषधांनी गेला होता. मी गप्प बसलो होतो, त्यावर मात्र कुणी गोळी लिहून दिली नव्हती.